उभा वाढई

"लोप पावत चाललेल्या कारागिरीवर चार पानं लिहून द्या," असा निरोप या अंकाच्या मंडळींनी फोनवर दिला, तेव्हा मी रंधा मारत होतो. हातातलं काम थांबवून मी त्यांना म्हटलं, लिहितो, पण पहिलं वाक्य माझं राहील. ते वाक्य असं, की मी लोप पावलेलो नाही. चिखलीत माझ्या घरामागं पत्र्याची शेड आहे. रोज सकाळी आठ वाजता मी तिथं उभा असतो. ज्यांना खात्री करायची असेल त्यांनी यावं, चहा मिळेल, फक्त कप माझ्या ओट्यावर ठेवू नये.

या ओट्याबद्दलच लिहायचं आहे.

आमच्याकडं सुताराला वाढई म्हणतात. वाढई हा पिढ्यानपिढ्या बसून काम करणारा माणूस. ज्यांनी कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लाकूड जमिनीवर, एक पाय दुमडून अंगाखाली, दुसऱ्या पायाची टाच लाकडावर. करवत चालवायची तर टाच घट्ट दाबायची, पटाशीनं खाच पाडायची तर मांडी लाकडावर टाकायची, बारीक पट्टी असली तर पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या चिमटीत ती धरायची. माझ्या वडिलांचा उजवा अंगठा इतका रुंद झाला होता, की त्यांना चपला बेतून घ्याव्या लागत. ते म्हणायचे, "कापते ते हत्यार, पन धरते तो वाढई." लोकांना वाटतं सुतारकाम हातांचं आहे. ते अर्धं पायांचं आहे.

म्हणूनच माझा गुडघा गेला तेव्हा सगळ्यांनी मला धंद्यातून वजा केलं.

देऊळगाव राजाला एका दुकानाच्या फळ्या बसवून काळीपिवळीनं परत येत होतो. जीप वळणावर उलटली. बाकीच्यांना खरचटलं, माझा डावा गुडघा सीटच्या लोखंडात अडकला. बुलढाण्याच्या दवाखान्यात दीड महिना काढला. हाड जुळलं, पण गुडघा दुमडेना. आजही दुमडत नाही. पाय मांडीपासून टाचेपर्यंत सरळ, काठीसारखा. वॉर्डात निकाळजे सिस्टर होत्या. त्या पट्टी बदलताना खोटा धीर देत नसत. मी एकदा विचारलं, "सिस्टर, पाय दुमडंल ना?" तर म्हणाल्या, "नाई दुमडत प्रल्हादभाऊ. आता त्याच्या नादी लागू नका. हात पाहा, हात चांगले हायेत तुमचे."

घरी आल्यावर मी तीन दिवस खाली बसून पाहिलं. बसायचं म्हणजे ढुंगणावर आदळायचं आणि पाय पुढं तसाच पसरलेला. त्या पायाखाली लाकूड धरताच येईना. तिसऱ्या दिवशी फळी सटकली आणि पटाशी डाव्या तळहातात गेली. थोरल्या भावानं, नामदेवदादानं, हातातून पटाशी काढून घेतली. रागानं नाही, अगदी हळुवार काढून घेतली, आणि तेच मला जास्त लागलं.

"पल्हाद, हे काम बसनाऱ्याचं हाये," दादा म्हणाला. "तू आता दुकानाच्या तोंडाशी बस. गिऱ्हाइकाशी बोल, माप घेऊन ये. हत्यार मी चालवतो."

"अन् मी काऊन नाही?"

"कायनं धरशीन बे लाकूड? दातानं?"

चार दिवसांनी दादानं माझ्यासाठी खुर्ची केली. सागाची, हातांची, पाठ किंचित कललेली, माझा पाय पसरेल अशी पुढं लांब बैठक. दादासारखा सांधा आमच्या तालुक्यात कुणाचा नव्हता, आणि त्या खुर्चीत त्यानं जीव ओतला होता. बघणारे म्हणायचे, भाऊ असावा तर असा. मी त्या खुर्चीत दोन महिने बसलो. आयुष्यात मला कुणी इतकी सुबक शिवी दिलेली नाही.

रस्ता दाखवला तो माझ्या बायकोनं, शांतानं. तेव्हा आम्हाला नवं घरकुल मिळालं होतं आणि त्यात स्वयंपाकाला सिमेंटचा ओटा होता. आधीच्या घरात शांता चुलीपुढं बसून सगळं करायची. नव्या घरात ती उभी राहून भाकरी करू लागली तेव्हा माझी आई आठ दिवस कुरकुरत होती, की उभ्यानं केलेली भाकर अंगी लागत नाही. एका सकाळी मी खुर्चीत बसून आईचंच बोलणं गिरवत होतो, की वाढई बसूनच काम करते, रीतच हाये. शांता तव्यावरून मान न वळवता म्हणाली, "मीबी बसूनच सैपाक करत होती ना. आता उभी राहून करतो. भाकर वाकडी झाली काय? आवो, तुमच्या लाकडाले कुठी माहीत हाये, तुम्ही बसले का उभे राह्यले ते."

मी मापाची पट्टी काढली आणि ती भाकर थापत असतानाच ओटा मोजला. उंची चौतीस इंच. तीच माझ्या कामाच्या ओट्याची उंची ठरली. ही चूक होती, पण ती कळायला पंधरा दिवस लागले.

मोठ्या शहरात सुतारांची टेबलं असतात, आयटीआयमध्येही असतात, हे मला ठाऊक होतं. पण मी कधी जवळून पाहिलं नव्हतं, आणि कुणाला विचारायला जायचा माझा स्वभाव नाही. पाय जे जे करत होता ते ते आता लाकडाकडून करून घ्यायचं, एवढाच हिशोब मांडला. टाच दाबून धरायची, तर दाबायला काहीतरी पाहिजे. अंगठा पट्टी चिमटीत धरायचा, तर चिमटा पाहिजे. रंधा मारताना लाकूड पुढं पळू नये म्हणून पंजा आडवा ठेवायचा, तर आडवं काहीतरी पाहिजे.

चिखलीत कापसाचं एक जुनं जिनिंग मोडत होते. तिथल्या तुळईचे दोन तुकडे मिळाले, जुना साग, इतका वाळलेला की ठोकलं तर टणत्कार यायचा. ते जोडून वरची फळी केली, चार बोटं जाड. पाय बाभळीचे. चिमट्यासाठी, म्हणजे शिकंज्यासाठी, मोठा आटा लागतो, स्क्रू म्हणा. भंगारवाल्या रशीदभाईकडं गेलो. त्यानं ढिगातून जीपचा जुना जॅक ओढून काढला.

"ये ले जाव मिस्त्री. गाडी उचलते तो लकडी नाही पकडनार काय?"

जीपनं गुडघा नेला, जीपच्या जॅकनं अंगठा दिला. हे मी तेव्हापासून सगळ्यांना ऐकवतो आणि शांता दरवेळी उठून आत जाते.

शिकंज्याला एक लाकडी जबडा लागतो आणि ओट्यावर भोकं पाडून त्यात घालायला खुंट्या लागतात. त्या खुंट्यांना लाकूड टेकवलं की ते पुढं पळत नाही. दोन्हीसाठी लाकूड घट्ट आणि सरळ रेषांचं पाहिजे. माझ्याकडं असं एकच लाकूड होतं. मी खुर्ची उलटी केली आणि सांधे सोडवले. दादाचे सांधे, सहज सुटतात काय. पूर्ण एक दिवस गेला. पाठीच्या रुंद फळीचा जबडा झाला, पुढच्या पायांच्या आठ खुंट्या झाल्या. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आता या वयात एवढं नक्की सांगतो, की लाकूड दुसरंही मिळालं असतं.

ओटा झाला. मी त्याला घासून गुळगुळीत केलं, वर पॉलिश मारलं, आरशासारखा चमकवला. पहिली फळी ठेवली, रंधा लावला आणि फळी माझ्या हातून निसटून कोंबड्यांत जाऊन पडली. कामाच्या ओट्याला पॉलिश मारायचं नसतं, हे ज्ञान मला असं झालं. दुसऱ्या दिवशी तेच पॉलिश मी खरवडून काढलं. पण उंचीचं कोडं सुटेना. रंधा मारला की खांदे भरून यायचे, दंड अवघडायचे, साल तुटक निघायची. चांगला रंधा चालला तर साल सलग निघते, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. माझी निघत होती ती भुश्यासारखी.

नेमका तेव्हाच दादा बघायला आला. मी छातीपाशी हात घेऊन रंधा ढकलत होतो. तो दारातच हसू लागला.

"हे काय करून राह्यला बे? भितीवर चढून राह्यला काय?"

हसता हसता तो जवळ आला. त्याची नजर शिकंज्याच्या जबड्यावर गेली, मग खुंट्यांवर. एक खुंटी उपसून त्यानं फिरवून पाहिली. स्वतःच्या हाताचं लाकूड माणूस विसरत नाही. त्यानं ती खुंटी परत भोकात घातली, नीट, सरळ बसवली, आणि निघून गेला. मी त्याला हाक मारली नाही.

शांता मागं उभी होती. मला वाटलं खुर्चीवरून बोलेल. पण ती म्हणाली, "तुम्ही मले भाकर थापताना मोजलं. पोळ्यांची कणीक मळताना कुठी पाह्यलं? कणीक मळाले मी अजूनबी परात खाली घेतो. वर ठेवली त अंगाचं वजन पडत नाही."

मी करवत घेतली आणि ओट्याचे चारही पाय कापले. थापायची उंची वेगळी आणि मळायची उंची वेगळी. रंधा मारणं म्हणजे मळणं आहे, हाताचं काम नाही, अंगाचं आहे. तेव्हापासून मी एकच माप पाळतो. माणसानं सरळ उभं राहावं, हात मोकळे सोडावेत, मनगटाचं हाड जिथं येईल तेवढा ओटा. माझा तीस इंच आला. पहिल्या दिवशी त्या उंचीवर रंधा मारला तेव्हा दीड हात लांब साल निघाली. मी ती शांताच्या गळ्यात घातली, आणि आई बघत होती म्हणून शांता लाजली.

ओटा झाला, पण काम कोण देणार? आमच्या गावात बातमी एकच होती, की प्रल्हाद वाढई उभ्यानं काम करते. उभ्यानं खाऊ नये, उभ्यानं पाणी पिऊ नये, तसं उभ्यानं केलेलं दार टिकत नाही, असं लोक ठरवून मोकळे झाले. एका गिऱ्हाइकानं तर पाट करायला दिला आणि पुन्हा येऊन विचारलं, "बसून केला ना? पूजेचा हाये, म्हनून म्हनलं." मी म्हटलं, उभ्यानं केला, पण पाटाला सांगितलं नाही. तो पाट त्यानं नेलाच नाही. अजून आमच्या घरी आहे.

अशा दिवसांत निकाळजे सिस्टर आल्या. रिटायर होऊन चिखलीत घर बांधत होत्या. शेडमध्ये येऊन त्यांनी ओट्याभोवती एक फेरी मारली, शिकंजा फिरवून पाहिला, माझ्या पायाकडं ढुंकून पाहिलं नाही.

"मोठ्या दरवाज्याची चौकट करायची हाये," त्या म्हणाल्या. "सागाची. जमंल?"

"जमंल सिस्टर. पन लोक काय म्हनतात ते आयकलं असंल तुम्ही."

"लोक दवाखान्यातबी लय काय काय म्हनत. मी माप घेऊन आली हाये, घेता का?"

घराची मुख्य चौकट म्हणजे वाढयाची परीक्षा. उभ्या लाकडाला खाच, आडव्या लाकडाला कुसू, आणि तो कुसू खाचेत असा जावा की खिळ्याची गरज पडू नये. चौकट एक दोरा जरी तिरकी झाली तरी दार जन्मभर कुरकुरतं आणि येणारा जाणारा वाढयाचं नाव घेतो. ही चौकट फसली असती तर मी पुन्हा खुर्चीत गेलो असतो, तीही आता उरली नव्हती. मी ती बारा दिवस खपून केली. खाच पाडताना लाकूड शिकंज्यात असं बसलं होतं, की वडिलांचा अंगठाही तसं धरू शकला नसता. हे वाक्य लिहिताना वडिलांची माफी मागतो, पण खोडत नाही.

आमच्या भागात मुख्य चौकट उभी करतात त्या दिवशी वाढयाला पाटावर बसवून टॉवेल-टोपी आणि नारळ देतात. तो मान चौकट करणाऱ्याचा. सिस्टर बौद्ध, त्यांच्याकडं कुंकू-पूजा नव्हती. मेणबत्ती लावून वंदना झाली. पण कारागिराचा मान त्यांनी ठेवला होता. चौकट उचलायला त्यांनी दादालाही बोलावलं होतं. घराण्याचं नाव राखायचं म्हणून दादा आला, माझ्याशी न बोलता एका बाजूनं उचलली, मी दुसऱ्या बाजूनं. गवंड्यानं ओळंबा सोडला. दोरी लाकडाला समांतर राहिली, वरपासून खालपर्यंत. दादानं गुण्या लावून कोपरा पाहिला. मग दुसरा पाहिला. चारही पाहिले आणि गुण्या खाली ठेवला.

गवंड्यानं पाट मांडला. "चला, वाढयाले बसवा."

मी उभाच. सगळे माझ्या पायाकडं पाहू लागले. दादा म्हणाला, "त्याले बसता येत नाई. मी बसतो त्याच्या जागी. एकच घर हाये आमचं." आणि त्यानं पाटावर पाय ठेवला.

"दादा, पाय काढ," मी म्हटलं. वडील गेल्यानंतर त्याच्याशी मी कधी चढ्या आवाजात बोललो नव्हतो. "चौकट मी केली."

"मंग बस ना."

"नाई बसत."

गवंडी हसला. बाकी कुणी हसलं नाही. दादाचा पाय अजून पाटावरच होता. सिस्टरनी टॉवेल-टोपीचं ताट उचललं आणि गवंड्याला विचारलं, "मिस्त्री, ही चौकट घरात उभी राह्यनार का बसनार?"

"उभी, बाई."

"मंग तिले करनाऱ्यानं काऊन बसावं? पाट उचला तो."

त्या बाई माझ्या खांद्याइतक्याही नव्हत्या. मी मान वाकवली तेव्हा त्यांचा हात माझ्या डोक्यावर टोपी ठेवायला पुरला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते मी लपवलं नाही. दादा तोवर निघून गेला होता.

त्यानंतर काम थांबलं नाही. किती दारं केली ते मोजत बसलो नाही. एकाच गल्लीत राहून दादा आणि मी कामापुरतंही बोललो नाही, लग्नकार्यात तो मांडवाच्या एका टोकाला आणि मी दुसऱ्या. त्यात चूक किती माझी, हा हिशोब मी टाळत आलो. ओटा करणं माझा हक्क होता. खुर्ची मोडणं हक्क नव्हता.

मध्यंतरी एक पाहुणे मोटार घेऊन आले. शहरात त्यांचं हॉटेल आहे म्हणे. त्यांनी ओट्याचे फोटो काढले, त्यावरच्या पटाशीच्या खुणांवरून बोटं फिरवली आणि म्हणाले, हा द्या, आमच्याकडं जेवणाचं टेबल म्हणून शोभेल, जुनी वस्तू आहे. मी म्हटलं, जुनी नाही, चालू आहे. ते म्हणाले, आता प्लायवूडच्या जमान्यात तुम्हाला काय करायचा. मी बोलता बोलता त्यांच्या हातातली किल्ली शिकंज्यात धरून थोडी आवळली. "पाहा, सुटते का," म्हटलं. त्यांनी ओढून पाहिली. सुटली नाही. मी सोडून दिली आणि ते गेले.

आता शेवटचं. मागच्या उन्हाळ्यात शेडच्या दारात सावली पडली. दादा होता, हातात काठी. जन्मभर खाली बसून काम करणाऱ्या वाढयाचे गुडघे साठीनंतर जातात. वडिलांचे गेले होते, दादाचे दोन्ही गेले. डॉक्टरांनी त्याला खाली बसायची बंदी केली. सहा महिने तो घरी बसून होता, हे मला शांताकडून कळलं होतं.

तो आत आला आणि ओट्याला टेकून उभा राहिला. एक खुंटी उपसली. आता ती झिजून काळी झाली आहे.

"खुर्चीच्या पायाची ना बे ही?"

"हो."

बराच वेळ तो ती खुंटी चाचपत होता. माझ्या जिभेवर एक वाक्य इतकी वर्षं धार लावून ठेवलेलं होतं. ते गिळायला पाहिजे होतं, पण मी संत नाही.

"खुर्ची करून देऊ काय, दादा? पाय पसरून बसाले?"

त्याचा चेहरा उतरला. मी त्याला ओळखतो, तो आता शिवी देऊन चालायला लागेल असं वाटलं.

"खुर्ची नको," तो म्हणाला. मग पुन्हा, हळू आवाजात, "खुर्ची नको पल्हाद मले."

मी भिंतीवरची पट्टी काढली आणि त्याच्यापुढं गेलो.

"काठी ठेव तिकडं," मी म्हटलं. "हात मोकळे सोड. अन् सरळ उभा राह्य."

तो उभा राहिला. मी वाकून त्याच्या मनगटाच्या हाडापासून जमिनीपर्यंत पट्टी लावली. माप तीस इंचच आलं.